‘स्मृतिचित्रे’तील कृपा

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी घरांत हसत हसत वाचली जातात. टिळकांचा लहरी स्वभाव आणि बाईंचे खटकेबाज बोलणे, हे हसू खोटे मुळीच नव्हे. पण १९३४ पासून भागाभागांनी निघालेल्या ह्या पुस्तकात नुसती संसाराची गंमत पाहणाऱ्याच्या हाती फोलपटच लागते. आणि धर्मांतराची साक्ष तेवढी वेचणाराही काही अधिक मिळवीत नाही. ख्रिस्ती मंडळी जिला ‘कृपा’ म्हणतात, म्हणजे पुण्याईच्या हिशेबात न बसणारे, देवाने आपण होऊन दिलेले दान, ती ह्या पुस्तकात प्रवचनात सापडत नाही. ती सापडते चुलीपाशी.

आरंभच पाहा. सत्तावनच्या धामधुमीत सासरे फाशी गेले आणि लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. बाजारातले धान्य धुतल्यावाचून घरात यायचे नाही! बाई हे सांगतात आणि आपण हसतो. परंतु ते घर भ्यालेले होते, हे विसरले की पुढचे काहीच उमगत नाही.

टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. बायको दूर, पदरी लहान मूल. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर बाई नवऱ्याकडे परतल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. मग एका रात्री, जात देवाने केली की माणसाने, ह्या एकाच प्रश्नाशी त्या झुंजल्या आणि उद्यापासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे ठरवून मोकळ्या झाल्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली, म्हणजे ह्यानंतर. आधी पाणी, मग धर्म! एखाद्या पाद्रीसाहेबांनी हा क्रम उलटा मांडला असता. मला तर पुस्तकातले सर्वांत ख्रिस्ती पान हेच वाटते, आणि त्यावर ख्रिस्ताची मुद्रा ठळकपणे उठविण्याची बाईंना गरज भासत नाही.

ह्या कृपेची किंमत मात्र कोणीतरी मोजतेच. टिळकांचा हात सढळ. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना अंत नाही. देणारे ते, आणि रिकामे डबे पाहणाऱ्या बाई. त्या चिडतात, भांडतात, आणि पुन्हा पानावर आणखी एकाला वाढतात. हे त्या लपवीत नाहीत व त्याचा टेंभाही मिरवीत नाहीत. भक्त नवऱ्याच्या बायकोचे इतके निर्मळ चित्र, तुकोबांच्या आवलीला कोणी लिहावयास शिकविले असते तर कदाचित मिळाले असते.

टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही बाईंनीच तडीस नेले. त्याची योग्यता मी नाकारीत नाही. पण तेथे कृपेचे वर्णन आहे, येथे ती घरात वावरते आहे.

दिवाळीच्या सुटीत हे पुस्तक घरात मोठ्याने वाचावयाचे झाले, तर सोवळ्याची प्रकरणे आणि त्या रात्रीचा प्रसंग लागोपाठ वाचावा. मधले हसू मुलांना आपसूक सापडेल.