कळण्याच्या भाकरीचा दुसरा दिवस

खान्देशी जेवणाचं कौतुक बहुधा भरीत आणि शेवभाजीपाशी थांबतं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्याच्या योग्यतेचंच. पण इथल्या स्वयंपाकाची जाण पारखायची असेल, तर रात्री भरतासोबत वाढलेल्या कळण्याच्या भाकरीचं सकाळी काय होतं, ते चाखून बघावं. शिळ्या भाकरीचा कुस्करा मला या मुलखातला फार मोठा पदार्थ वाटतो.

त्याची घडण जात्यापासूनच सुरू होते. कळण्याच्या पिठात ज्वारीसोबत सालीचे उडीद आणि मीठ एकत्र दळतात. साधारण चार वाट्यांना एक वाटी, पण हे प्रमाण घरोघर बदलतं. जुन्या घरांत डाळी भरडताना निघालेली चुरीही या पिठात जायची. ज्वारी शक्यतो दादर हवी. तापी-पांझरेकाठच्या काळ्या, खोल जमिनीत पावसाळ्यानंतर उरलेल्या ओलीवर रब्बीत येणारी ही ज्वारी भाकरीला गोडवा देते. उडदाचं काम दुहेरी आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, ते उडीद भरून काढतात, आणि स्वस्तातला हा घास पोसणारा होतो. शिवाय उडदाचा चिकटपणा पिठाला धरून ठेवतो. नुसत्या ज्वारीची भाकरी सकाळपर्यंत कडक होते, कळण्याची मात्र चिवट-मऊ राहते. कुस्कऱ्याचा सगळा डाव या मऊपणावर आहे.

ताज्या भाकरीचा कुस्करा होत नाही. गरम भाकरी मोडली की तिचे ओले गोळे होतात. रात्रभर दुरडीत फडक्याखाली राहिलेल्या भाकरीतली वाफ निघून जाते, भाजताना फुललेलं पिष्ट निवल्यावर आवळून येतं, आणि मग बोटांखाली तिचा दाणा सुटतो. तो फार बारीक नको, नाहीतर पिठूळ लागतो. तुकडे मोठे राहिले तर फोडणी आत शिरत नाही. या मधल्या दाण्याचा अंदाज मिक्सरला येत नाही, तो हातालाच येतो, हे मी ठामपणे म्हणतो.

लोखंडी कढईत शेंगदाण्याचं तेल, मोहरी, जिरं, मग सालासकट ठेचलेला लसूण. लसूण तांबूस होईपर्यंत थांबायचं, इथे घाई केली की पुढचं सगळं फिकं पडतं. हिरवी मिरची, भरपूर कांदा, मूठभर शेंगदाणे, हळद. त्यावर भाकरीचा चुरा आणि ताकाचा हबका. झाकण ठेवून एक वाफ. ताकाच्या आंबटपणाने उडदाचा खमंगपणा वर येतो, आणि तळाला धरलेली खरपूड उलथन्याने खरवडून वर मिसळली की एकाच घासात मऊ, दाणेदार आणि कुरकुरीत अशा तिन्ही गोष्टी भेटतात. ताज्या भाकरीत हे तिन्ही नसतं, आणि या पदार्थाची थोरवी मला इथे दिसते. त्याला उरलंसुरलं म्हणणं अन्यायाचं आहे.

बाकीचं परसातून येतं. मोरीच्या पाण्यावर वाढलेला कढीपत्ता फोडणीत, कोपऱ्यातली कोथिंबीर वरून. कुंपणावर गिलकी किंवा दोडकी असतील तर रात्रीची चमचाभर भाजी चुऱ्यातच मिसळतात. दोडक्याच्या शिरा टाकायच्या नसतात. त्या तेलावर कुरकुरीत परतून तीळ, लसूण, सुक्या मिरचीबरोबर कुटल्या की जी चटणी होते, ती कुस्कऱ्याशेजारी हवीच. हिवाळ्यात कांद्याची पात, पावसाळ्यात तांदुळजाची कोवळी पानं. परस लहान असला तरी रोजची चव बदलते, खर्च मात्र वाढत नाही.

एक सावधगिरी हवी. खान्देशी उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा ओली भाजी रात्रीच संपवलेली बरी. भाकरी कोरडी असते म्हणून टिकते, तरी आंबूस वास आला तर ती बाजूला ठेवावी.

सोबत घट्ट दही घ्यावं, किंवा नुसतं कच्चं तेल आणि हाताने फोडलेला कांदा. लिंबू मला इथे खटकतं, ताकाचा आंबटपणा पुरेसा असतो. आणि खाणारी मुलं असलेल्या घरात रात्री भूक नसतानाही दोन भाकरी जास्त टाकल्या जातात, केवळ सकाळच्या कुस्कऱ्यासाठी.