प्रभाकर बरवे यांच्या चित्रांतील वस्तू आणि अवकाश : एक चिकित्सक आकलन

प्रस्तावना :

आधुनिक चित्रकलेविषयी 'चित्र कळत नाही' ही तक्रार मराठी रसिकांकडून नेहमी ऐकावयास मिळते. प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांच्या चित्रांबाबत ती निराळ्या स्वरूपात उद्‌भवते. घड्याळ, पान, फळ, ढग असे त्यांच्या चित्रातील बहुतेक आकार चटकन ओळखू येतात. परंतु ते एकत्र का आले, याचा उलगडा होत नाही. ही अडचण 'अतिवास्तववाद' या संज्ञेने दूर करण्याकडे समीक्षेचा कल दिसतो. ही संज्ञा बरव्यांच्या शैलीला कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जडणघडण :

बरवे यांचा जन्म अलिबागजवळील नागाव येथे झाला. प्रसिद्ध शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर हे त्यांच्या नात्यातले. १९५९ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील शिक्षण पूर्ण केल्यानंतर ते विणकर सेवा केंद्रात नोकरीस लागले आणि १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांचे वास्तव्य वाराणसी येथे होते. तेथे तांत्रिक प्रतीकांचा त्यांच्यावर जो प्रभाव पडला, त्याची साक्ष 'किंग अँड क्वीन ऑफ स्पेड्स' (१९६७) सारखे चित्र देते. मुंबईस परतल्यानंतरच्या काळात मात्र हा प्रतीकांचा भार हळूहळू उतरत गेला आणि त्याची जागा रोजच्या वापरातील वस्तूंनी घेतली. हे स्थित्यंतर महत्त्वाचे आहे. तांत्रिक प्रतीकाचा अर्थ परंपरेने आधीच ठरविलेला असतो. साध्या पानाचा किंवा फळाचा तसा ठरलेला नसतो. बरव्यांनी ठरलेल्या अर्थाकडून न ठरलेल्या अर्थाकडे प्रवास केला, असे म्हणता येईल.

शैलीचे स्वरूप :

अतिवास्तववादी चित्रकार स्वप्न आणि अबोध मनाचा आधार घेतो. साल्वादोर दालीचे घड्याळ वितळते आणि पाहणाऱ्यास धक्का देते. बरव्यांचे घड्याळ घड्याळच राहते. त्यांच्या चित्रात वस्तू कधी केवळ बाह्यरेषेने, कधी छायाकृतीने, तर कधी पूर्ण घनतेने येते. तिला टेकण्यास जमीन नसते आणि तिच्यामागे दूरवर जाणारे दृश्यही नसते. एका वस्तूचा आकार दुसरीच्या आकारास प्रतिसाद देतो, आणि हा संवाद घडतो तो दोहोंमधील मोकळ्या जागेतून. म्हणून ही जागा पार्श्वभूमी नसून चित्राचा कार्यकारी घटक ठरते. कॅनव्हासवर त्यांनी वापरलेला एनॅमल रंग या हेतूस पोषक आहे. त्याचा सपाट, गुळगुळीत थर चित्रकाराच्या भावनावेगाची खूण मागे ठेवत नाही. लक्ष वस्तूंच्या परस्परसंबंधावर स्थिर राहते. येथे स्वप्नापेक्षा विचार प्रभावी आहे.

'कोरा कॅनव्हास'चे महत्त्व :

१९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कोरा कॅनव्हास' या ग्रंथात बरव्यांनी वस्तू, आकार, अवकाश आणि निर्मितिप्रक्रिया यांचे चिंतन मराठीत मांडले. पुढे शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. आधुनिक कलेची चर्चा प्रामुख्याने इंग्रजीतून होत असताना एका आधुनिक चित्रकाराने मूळ विचारच मराठीत करावा, ही घटना मराठी समीक्षेने पुरेशी गांभीर्याने घेतलेली नाही. लासूर स्टेशनसारख्या गावातील विद्यार्थ्यास मुंबईचे कलादालन सहज गाठता येत नाही. हा ग्रंथ मात्र त्याच्या हाती पडू शकतो. अर्थात ग्रंथ चित्राची जागा घेऊ शकत नाही. एनॅमलची झळाळी आणि मोकळ्या जागेचे प्रत्यक्ष आकारमान छापील प्रतिकृतीत हरवते. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या 'इनसाइड द एम्प्टी बॉक्स' या प्रदर्शनाचे मोल म्हणूनच मोठे होते.

एक आक्षेप :

१९७२ चा दुष्काळ, त्याच वर्षी झालेली दलित पँथरची स्थापना आणि दलित साहित्याचा विद्रोह या पार्श्वभूमीवर बरव्यांची चित्रे समाजविन्मुख वाटतात, असा आक्षेप घेता येईल. मराठवाड्यातील वाचकास तो विशेष जाणवणे स्वाभाविक आहे. तो सर्वस्वी खोडून काढता येत नाही. त्यांच्या चित्रांत माणूस क्वचितच येतो. माणसाचे दुःख तर जवळजवळ येतच नाही. ही त्यांच्या कलेची मर्यादा होय. तथापि उपयोग आणि किंमत बाजूला ठेवून सामान्य वस्तूकडे पाहण्याची जी शिस्त ही चित्रे लावतात, ती सामाजिक जाणिवेच्या विरोधात जात नाही. रूढ अर्थ बाजूला सारून पाहणे ही दोहोंचीही पहिली अट आहे.

निष्कर्ष :

बरवे यांना अतिवास्तववादी म्हणणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. त्यांची शैली स्वप्नाची नसून संबंधांची आहे. 'याचा अर्थ काय' या प्रश्नाऐवजी 'या दोन वस्तूंमध्ये काय घडते आहे' असा प्रश्न विचारल्यास त्यांचे चित्र दुर्बोध राहत नाही. तो प्रश्न विचारण्यासाठी लागणारी भाषा त्यांनीच मराठीत उपलब्ध करून दिली आहे. तिचा वापर करणे हे आता मराठी समीक्षेचे काम आहे.