लक्ष्मणरेषा आणि शिल्लक चौकशी

मर्यादेला आमचा विरोध नाही. पंचवटीच्या गावात राहून तो शोभणारही नाही. शिवाय आम्ही बँकेतले कारकून. खिडकी एक आणि माणसं साठ, म्हटल्यावर पूर्वी पितळी बिल्ले वाटत, ते काही हौसेने नव्हे. आमचं म्हणणं एवढंच, की लक्ष्मणाने रेषा आखली ती जमिनीवर, डोळ्यांना दिसेल अशी, आणि कोणी पाऊल टाकण्याच्या आधी.

आता एटीएम बघा. बचत खातं असेल तर दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर नाशकात महिन्याला पाच व्यवहार फुकट, मुंबईत तीन. पुढच्या प्रत्येकाला १ मे २०२५ पासून जास्तीत जास्त २३ रुपये, वर कर. ठीक. पण व्यवहार म्हणजे काय? पैसे काढले, तो व्यवहार. शिल्लक नुसती विचारली, तोही व्यवहारच! आपल्या बँकेच्या यंत्रावर मात्र हीच चौकशी धरायची नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१९ साली स्पष्ट केलं. बटण तेच, हिशेब दारावरच्या पाटीप्रमाणे. रविवार कारंजावर एखाद्या वाण्याने डाळीचा भाव विचारण्याचे पैसे लावून बघावेत!

आमचा भाचा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मामा, आमच्याकडेही हेच." सर्व्हरवर गर्दी होऊ नये म्हणून तयार कोड मिळतो. गूगलच्या 'गो' भाषेतल्या अशा कोडमध्ये 'अलाउ' नावाचं फंक्शन आहे. नावावरून वाटतं, बिचारं 'जाऊ का?' एवढंच विचारतंय. पण होकार मिळाला की त्याच दमात एक टोकन खर्ची पडतं. नुसती शिल्लक टोकनं बघायला 'टोकन्स' ही निराळी खिडकी आहे. म्हणजे नाव फसवं, पण चौकशी फुकट.

यूपीआयवर ऑगस्ट २०२५ पासून एका अ‍ॅपवर दिवसाला पन्नासदाच शिल्लक बघता येते. पन्नासदा बघणाऱ्याची शिल्लक किती असेल, हे आम्ही न बघता सांगू. पण हा नियम आम्हाला आवडला. कारण त्यासोबतच बँकांना सांगितलंय, की व्यवहार झाला की शिल्लक आपण होऊन कळवा. न विचारता उत्तर मिळालं तर रांगेत येईल कोण? एटीएमच्या पडद्यावरही बटणाआधी एक ओळ येऊ द्या: 'ही तिसरी फेरी, दोन उरल्या.' मग लावा २३ रुपये खुशाल.