लोकनायकाचें ‘आपण’

लोकांस भुलविणाऱ्या पुढाऱ्यांविषयीं सुशिक्षित वर्गांत एक सोपी समजूत रूढ आहे : पुढारी लबाड, लोक भोळे, आणि आम्ही तेवढे शहाणे. ही समजूत किती अपुरी आहे हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें रॉबर्ट पेन वॉरन या अमेरिकन ग्रंथकाराची ‘ऑल द किंग्ज मेन’ ही कादंबरी अवश्य वाचावी. ती १९४६ सालीं प्रसिद्ध झाली व पुढील वर्षीं तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें. परंतु आम्ही तिची शिफारस करतों ती त्यासाठीं नव्हे.

कादंबरीचा नायक विली स्टार्क याच्यामागें लुइझियाना संस्थानचा ह्यूई लाँग उभा आहे, हें सर्वश्रुत आहे. लाँग १९२८ सालीं गव्हर्नर झाला. त्यानें शाळकरी मुलांस पाठ्यपुस्तकें फुकट दिलीं, चिखलाच्या वाटांच्या जागीं पक्के रस्ते बांधले. आणि त्याच हातानें सरकारी नोकरांच्या पगारांतून आपल्या राजकारणासाठीं पैसा कापून घेतला. १९३५ च्या सप्टेंबरांत, त्यानेंच उभारविलेल्या ३४ मजली विधिभवनांत त्याजवर गोळी झाडली गेली व दोन दिवसांनीं तो मरण पावला. वॉरन त्या वेळीं त्याच संस्थानच्या विश्वविद्यालयांत अध्यापक होता.

कादंबरींतील एक प्रसंग तर विसरूं म्हटल्यानें विसरतां येणार नाहीं. निवडणुकीस प्रथम उभा राहिलेला विली प्रामाणिक आहे; तो करांचे आंकडे वाचून दाखवितो आणि लोक कंटाळतात. मग त्यास कळतें कीं, खेड्यांतील मतें फुटावीं एवढ्याचसाठीं शहरांतील धूर्तांनीं आपणांस उभें केलें आहे. दुसऱ्या दिवशीं तो लिहिलेलें भाषण बाजूस सारतो, आणि ‘तुम्ही अडाणी खेडवळ, मीही तसाच; दोघांनाही फसविलें’ अशा अर्थाचें बोलूं लागतो. सभा खडबडून जागी होते.

आमच्या मतें पुस्तकाचें मर्म येथें आहे. लोकानुनयाचें खरें भांडवल थाप नव्हे; अपमान होय, आणि तो अपमान शहाण्यांनींच पुरविलेला असतो. अर्जेंटिनांत ‘बिनसदऱ्याचे’ म्हणून हिणविलेल्या मजुरांस पेरॉन दांपत्यानें तीच शिवी गौरवाची पदवी करून दिली. २०१६ सालीं हिलरी क्लिंटन यांनीं ट्रम्प यांच्या पाठीराख्यांस ज्या शब्दानें हिणविलें, तो शब्द त्या पाठीराख्यांनीं सदऱ्यांवर छापून मिरविला.

मराठींत ‘आम्ही’ म्हटलें कीं ऐकणारा बाहेर राहतो; ‘आपण’ म्हटलें कीं तो आंत येतो. विलीस त्या दिवशीं सांपडला तो हा ‘आपण’. परंतु ‘आपण’ याचा दुसरा अर्थ ‘स्वतः’ असाही आहे. सत्ता हातीं येतांच त्या शब्दांतून श्रोते एकेक गळूं लागतात आणि शेवटीं बोलणारा एकटाच उरतो. मग त्याचा विरोधक तो लोकांचा वैरी ठरतो. हें स्थित्यंतर वॉरननें फार बारकाईनें दाखविलें आहे. इतिहासाचा अभ्यासक जॅक बर्डन हा निवेदक आपली विद्या या धन्याच्या चाकरीस लावून एका वृद्ध न्यायाधीशाचें जुनें पाप उकरून काढतो. त्याच्यांत आमच्यासारख्यांनीं आपलें तोंड पाहून घ्यावें.

परंतु येथेंच कादंबरीचें वैगुण्यही सांगितलें पाहिजे. तींत गर्दी आहे, माणूस क्वचित् आहे. विलीचें भाषण ऐकून घरीं परतलेला शेतकरी काय बोलला, हें आम्हांस कळत नाहीं. लुइझियानांत १८९८ च्या राज्यघटनेनें बहुतेक कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतला होता. लाँगच्या राजवटींतही तो त्यांस परत मिळाला नाहीं. कादंबरींतही ते कडेलाच उभे आहेत. पुढाऱ्याच्या ‘आपण’मध्यें कोण येत नाहीं, हा प्रश्न ग्रंथकारानें पुरता विचारलेला नाहीं, लोकांचा आवाज त्यानेंही पुढाऱ्याच्याच कानानें ऐकला आहे.

तरीही हें पुस्तक थोर आहे. भाषणावर भाळणाऱ्या लोकांस हंसणें सोपें आहे. तें हंसूं ऐकूनच पुढील विली व्यासपीठावर चढतो. त्यांचा रस्ता त्याच्याआधीं कोणींच कां बांधला नाहीं, हें विचारणें अवघड आहे. आणि तो प्रश्न विचारण्याचें काम आपलें आहे.