हॉलिवूडच्या वाटेने आलेला आशिया

म्हातारे आईबाप मुलांच्या घरात मावेनासे होतात, या एकाच गोष्टीवरचे चार सिनेमे आहेत. अमेरिकेतला ‘मेक वे फॉर टुमारो’ १९३७ चा, जपानचा ‘टोकियो स्टोरी’ १९५३ चा, आपल्या राजा परांजपे यांचा ‘ऊन पाऊस’ १९५४ चा आणि हिंदी ‘बागबान’ २००३ चा. आशियाई सिनेमा मोठा की हॉलिवूड, हा वाद आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरात जयहिंद चौकातल्या चहावर अजूनही रंगतो, आणि त्यात एक वाक्य हमखास येतं: हॉलिवूडले पैसा समजते, आशियाले माणूस. हे चार सिनेमे लागोपाठ पाहिले, की हे वाक्य पांगळं होतं.

लिओ मॅकॅरीच्या अमेरिकन सिनेमात घर बँकेच्या ताब्यात जातं. मुलं पाच, पण दोघांना एकत्र ठेवून घ्यायला एकही तयार नाही. म्हातारा एकीकडे, म्हातारी दुसरीकडे. शेवटी स्टेशनवर निरोप होतो. आपल्याला वृद्धाश्रमात पाठवणार आहेत हे तिला ठाऊक असतं, पण ती नवऱ्याला कळू देत नाही. शेवट गोड करा, असा पॅरामाउंट कंपनीचा आग्रह होता. मॅकॅरीने ऐकलं नाही, आणि त्याचा कंपनीशी संबंध तुटला. म्हणजे हॉलिवूडच्या ऐन भरात, हॉलिवूडच्याच दिग्दर्शकाने, हॉलिवूडला न परवडणारा शेवट करून दाखवला.

हा सिनेमा यासुजिरो ओझूने पाहिलेला नव्हता. त्याचा सहलेखक कोगो नोदा याने पाहिला होता. ‘टोकियो स्टोरी’चं बीज तिथलं. पण ओझूने त्यातून आर्थिक संकट काढूनच टाकलं. ओनोमिचीचं जोडपं नुसतं मुलांना भेटायला टोकियोला जातं. थोरला डॉक्टर, मुलीचं केशभूषेचं दुकान. दोघंही वाईट नाहीत, कामात आहेत इतकंच. आईबापांना ते आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवून देतात, तिथे रात्रभर गोंगाट. युद्धात गेलेल्या मुलाची विधवा नोरिको तेवढी सुट्टी काढून त्यांना शहर दाखवते. कुणी कुणावर ओरडत नाही. आई गावी परतते आणि जाते. बाप उरतो.

आता ‘बागबान’. बाप पुस्तक लिहितो, गाजतो, आणि भर सभेत मुलांना धुऊन काढतो. टाळ्या. प्रेक्षकाला घरी जाताना हलकं वाटतं, कारण दोषी कोण ते ठरलं आणि तो दोषी आपण नाही. ‘ऊन पाऊस’ या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतो: राजा परांजपे आणि सुमती गुप्ते आपल्याला भरपूर रडवतात, पण परांजप्यांनी रंगवलेल्या मास्तराचा पीळ शेवटपर्यंत जात नाही. म्हणजे वृत्तीने पाहिलं, तर अमेरिकन मॅकॅरी जपानी ओझूचा सख्खा शेजारी आहे आणि आपला आशियाई ‘बागबान’ चार गल्ल्या पलीकडे राहतो. प्रश्न देशाचा राहत नाही. शेवट कोणाच्या हातात आहे, लिहिणाऱ्याच्या की तिकीट मोजणाऱ्याच्या, एवढाच उरतो.

मग आपल्याला तो भेद देशांचा का वाटतो? याचं उत्तर सिनेमात कमी आणि तो आमच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचला त्यात जास्त आहे. मोर्णा नदीचा पूल ओलांडून टॉकीजला जाणाऱ्या माझ्या आधीच्या पिढीसाठी आशिया म्हणजे ब्रूस ली. ‘एंटर द ड्रॅगन’ १९७३ चा. हाँगकाँगच्या गोल्डन हार्वेस्टचा त्यात हात असला, तरी वॉर्नर ब्रदर्सचा शिक्का मोठा. म्हणजे जो पहिला आशियाई हिरो आम्ही डोक्यावर घेतला, तो हॉलिवूडच्या गाडीत बसूनच आला. पुढे जॅकी चॅन. १९७८ च्या ‘ड्रंकन मास्टर’चा दिग्दर्शक युएन वू-पिंग, त्यानेच १९९९ मध्ये ‘मेट्रिक्स’मधल्या मारामाऱ्या बसवल्या आणि जगाने टाळ्या वाजवल्या त्या अमेरिकेसाठी. १९९४ मध्ये ‘जुरासिक पार्क’ हिंदीत बोलू लागला आणि इंग्रजी पिक्चर आपला नाही ही अडचण एका झटक्यात संपली. हॉलिवूडने आमची भाषा शिकून घेतली. जपान-इराणला ती शिकवायला पैसे देणारं कुणी नव्हतं.

उरलेला आशिया आला तो रिमेकच्या बुरख्यात. कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराय’ १९५४ चा, त्याचा अमेरिकन अवतार ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ १९६० चा, आणि त्या दोघांचा वास घेऊन आलेला ‘शोले’ १९७५ चा. ‘शोले’ तोंडपाठ असलेल्यांपैकी फार थोड्यांनी मूळ जपानी सिनेमा पाहिला असेल. हाँगकाँगच्या ‘इनफर्नल अफेअर्स’वरून (२००२) स्कॉर्सेसीने ‘द डिपार्टेड’ (२००६) केला आणि आयुष्यभर हुकलेलं ऑस्कर त्याला त्यावर मिळालं. कोरियाचा ‘ओल्डबॉय’ (२००३) आमच्याकडे ‘जिंदा’ (२००६) होऊन आला. इराणच्या माजिद माजिदीच्या ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’चा (१९९७) ‘बम बम बोले’ (२०१०) झाला, आणि बुटांच्या एका जोडीत भाऊ-बहीण शाळा निभावतात ही नाजूक गोष्ट आमच्याकडे येईपर्यंत गुदमरून गेली. शिक्का लागल्याशिवाय माल उतरत नाही, असाच हा व्यवहार. २०२० मध्ये ‘पॅरासाइट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, इंग्रजीबाहेरच्या सिनेमाला पहिल्यांदाच, तेव्हा आमच्या गल्लीतही कोरियन सिनेमाचं नाव निघालं. त्याच्या आदल्या वर्षीच त्याला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. त्याची चर्चा कुणी केली नव्हती.

आता फोनमुळे वाट सरळ झाली आहे, हे खरं. पण सरळ वाटेवरूनही तुलना सरळ होत नाही. गॉडझिला घ्या. १९५४ मध्ये इशिरो होंडाने हा राक्षस केला, त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती. तो राक्षस म्हणजे जखम होती. १९५६ मध्ये अमेरिकेने त्यात काटछाट करून एक अमेरिकन वार्ताहर घुसवला, आणि जखमेची करमणूक झाली. १९९८ चा अमेरिकन गॉडझिला तर नुसती मोठी घोरपड. २०२३ मध्ये ताकाशी यामाझाकीने ‘गॉडझिला मायनस वन’ केला. नायक कामिकाझे वैमानिक, मरायच्या वेळी विमानात बिघाडाचं सोंग करून परत फिरलेला. युद्ध संपलं तरी त्याच्यातलं संपत नाही. खर्च दीड कोटी डॉलरच्या आत, दृश्यपरिणाम साधणारी माणसं जेमतेम ३५, आणि त्याच कामासाठी ऑस्कर. पाठोपाठ २०२४ मध्ये हॉलिवूडचा ‘गॉडझिला x काँग’ आला, कितीतरी पट खर्चाचा. त्यात माणसं आहेत, पण क्रिकेटच्या समालोचकासारखी: समोर काय चाललंय ते सांगायला.

इथे चौकातला आशियाभक्त खूश होतो. त्याने थोडं थांबावं. साठ-सत्तरच्या दशकांत खुद्द जपानने गॉडझिलाचे जे पोरकट सिनेमे काढले, ते हॉलिवूडला लाजवतील असे आहेत. आणि आशिया म्हणजे गरीब पण प्रामाणिक, हे चित्रही जुनं झालं. २०२५ च्या चिनी ‘न झा २’ने अॅनिमेशनपटांच्या कमाईत जगातल्या सगळ्यांना मागे टाकलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जपानचा ‘डीमन स्लेयर’ हिंदीत डब होऊन भारतभरच्या पडद्यांवर आला, आणि ज्या पोरांनी कुरोसावाचं नाव ऐकलेलं नाही त्यांनी पहाटेचे खेळ भरले. कोरियन सूडपटांचा साचा तर इतका घट्ट झालाय, की पहिल्या वीस मिनिटांत शेवट सांगता येतो. महोत्सवांसाठी केलेल्या संथ सिनेमाचाही एक साचा आहे: कॅमेरा लावून ठेवायचा, माणूस दारातून निघून जातो, कॅमेरा तिथेच. इराणच्या कियारोस्तामीचा कॅमेरा थांबतो तेव्हा काहीतरी पिकत असतं. नकलाकारांचा नुसताच थांबतो. अशा एका सिनेमाच्या मध्यात माझा मित्र म्हणाला होता, “यात काई होतच नाई ना बे!” मी त्याच्याशी वाद घातला नाही.

कोरियाची गोष्ट मात्र वेगळ्या कारणासाठी नीट पाहण्यासारखी आहे. तिथे १९६७ पासून टॉकीजांना ठरावीक दिवस देशी सिनेमा दाखवणं बंधनकारक होतं. पुढे ते वर्षाला १४६ दिवस होते. १९८८ मध्ये अमेरिकन कंपन्यांना थेट वितरणाची मुभा मिळाली, तेव्हा विरोधकांनी ‘फेटल अॅट्रॅक्शन’ चालू असलेल्या टॉकीजमध्ये जिवंत साप सोडले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी दिग्दर्शक-नटांनी रस्त्यावर मुंडन केलं. २००६ मध्ये अमेरिकेशी व्यापारकरार करताना सरकारने ते दिवस अर्ध्यावर, ७३ वर आणले. पण तोवर दोन गोष्टी झाल्या होत्या: १९८४ पासून सरकारी चित्रपट अकादमी नवे दिग्दर्शक घडवत होती, आणि १९९६ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सिनेमाची पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी बुसानचा महोत्सव सुरू झाला. नियमाने जागा दिली आणि बाकीच्यांनी ती भरली.

आपल्याकडे एप्रिल २०१५ मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा मोक्याच्या वेळी दाखवणं सक्तीचं केलं. आधी संध्याकाळी सहा ते नऊ, मग तडजोडीत तीच मोक्याची वेळ दुपारी बारापासून मोजायची ठरली. दुपारी बारा! आमच्याकडे मे महिन्यात दुपारी बाराला कुत्रं सावली सोडत नाही. समाजमाध्यमांवर पॉपकॉर्न की वडापाव असा वाद झाला, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सिनेमा किती दिवस टिकतो, कोणता टिकतो, हा प्रश्न त्या वादात कुणी विचारलाच नाही. जागा मागायची तर ती भरणारेही घडवावे लागतात. अनुदानाच्या फायलींनी ते होत नाही.

म्हणून वऱ्हाड-विदर्भातून जे थोडं आलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ मध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला गेला. शेजारचा शेतकरी जीव देतो. किसनाची बायको धसका घेते आणि पोराला बापाच्या मागावर ठेवते: कुठे जाते, काय करते, दोरी तर नाही घेतली? बाप वैतागतो. मरण दारात बसलेलं असताना हा सिनेमा हसवतो, आणि ते हसू वरून लावलेलं नाही. आत्महत्येवर इतके अहवाल आणि भाषणं झाली. त्या घरात रोज सकाळी काय होत असेल, हे मला या सिनेमाने दाखवलं. हॉलिवूडची पटकथेची शिस्त आणि इराणी सिनेमाचा धीर, दोन्ही इथे एका घरात नांदतात. यावर फार लिहिलं गेलं नाही याचं मला नवल वाटतं, आणि थोडा रागही येतो.

जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, बहुतांश गावच्याच माणसांना घेऊन केलेला. सुरुवातीलाच स्वप्न आहे: बायका बैठकीत बसल्यात, नवरा मुलगा ट्रे घेऊन येतो, आणि त्याला प्रश्न विचारले जातात. मग खरं आयुष्य सुरू होतं. नाव काय, उंची किती, शिक्षण काय. पुन्हा पोहे, पुन्हा चहा, पुन्हा तेच प्रश्न, पुन्हा मागून कळवतो. बापाच्या अंगणातला कापूस भावाची वाट पाहतो, मुलगी नकाराची. कियारोस्तामीच्या ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?’मधला पोरगा वही परत द्यायला तीच नागमोडी टेकडी पुन्हा पुन्हा चढतो, तसंच हे आवर्तन. फरक असा की त्या पोराला निदान धावता तरी येतं. मला एकच खटकतं: दिग्दर्शकाला आपली बाजू कुठली हे आपल्याला नक्की कळावं अशी घाई दोनतीन ठिकाणी होते. ओझूला ती झाली नसती.

एरवी मराठी पडद्यावर आणि छोट्या पडद्यावर वऱ्हाडी बोली ऐकू आली, की प्रेक्षक हसायच्या तयारीत बसतो. वऱ्हाडी माणूस म्हणजे विनोदी माणूस, हा मुंबई-पुण्याने पाडलेला पायंडा. हॉलिवूडने कित्येक दशकं चिनी-जपानी पात्रांचं जे केलं, त्यापेक्षा हे फार निराळं नाही. ‘स्थळ’मध्ये विदर्भाची बोली बोलणारा बाप गप्प बसतो, कापसाचा भाव विचारतो, पाहुण्यांपुढे वाकतो. हसू येत नाही.

‘स्थळ’ला २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात नेटपॅकचा पुरस्कार मिळाला. आशियाई सिनेमासाठी अरुणा वासुदेव यांनी दिल्लीत उभी केलेली ही संस्था. चंद्रपूरच्या गावातला सिनेमा आशियाई आहे, हे कॅनडात ठरलं. मुंबईत सुधीर नांदगावकर आणि मंडळींनी २००२ पासून थर्ड आय आशियाई महोत्सव चालवला, पुण्यात ‘पिफ’ हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. अकोल्यातून दोन्हीकडे जायचं म्हणजे रात्रीची गाडी, लॉज आणि नोकरीतल्या रजा. राहिला फोन. त्यावर ओझू सापडतो, माजिदी सापडतो. आमच्या शेजारचा उर्दू शाळेत शिकलेला मित्र इराणी संवादातले चार शब्द आपसूक पकडतो, बाकीचं इंग्रजीतून वाचतो. ज्याला इंग्रजी झपाट्याने वाचता येत नाही त्याला हिंदी डबिंग, तेही मिळालं तर. मराठी उपशीर्षकं मला आजवर कुठल्याही जपानी किंवा इराणी सिनेमाखाली दिसलेली नाहीत. डोंगरगावच्या बापाचं बोलणं टोरांटोच्या प्रेक्षकाला समजावं म्हणून कुणीतरी ओळन् ओळ बसून इंग्रजीत केलं. ओनोमिचीच्या बापाचं बोलणं डाबकी रोडवरच्या निवृत्त मास्तरांना समजावं म्हणून तेवढंच काम करायचं आहे, आणि त्याला ना ऑस्कर लागतं ना सरकारी आदेश. दोन तासांच्या सिनेमाला हजारभर ओळी, जपानी जाणणारा एक मराठी माणूस आणि महिनाभराच्या संध्याकाळी.