सभासद बखरीतील लष्करी हिशेब : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
कृष्णाजी अनंत सभासद यांनी छत्रपती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून इ.स. १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेली बखर शिवचरित्राचे महत्त्वाचे साधन मानली जाते. तिच्या वाङ्मयीन विवेचनात बहुधा अफजलखानवध, आग्र्याहून सुटका अशा प्रसंगांचाच विचार होतो. लष्कराच्या वेतनाचा व रसदेचा तपशील रूक्ष म्हणून बाजूला राहतो. वस्तुतः बखरीचा नैतिक गाभा याच तपशिलात आहे.

हिशेबाचे स्वरूप :
२५ बारगिरांवर एक हवालदार, तितक्याच घोड्यांमागे पखालजी व नालबंद, जुमलेदारास ५०० होन, हजारीस १००० होन आणि जमाखर्चासाठी मजुमदार, अशी रचना सभासद देतो. पावसाळ्यात छावणीत दाणा-वैरणीचा साठा, दसऱ्यास स्वारीला निघताना प्रत्येकाजवळील वस्तूंची यादी, परतल्यावर झडती व अधिक मालाची वेतनात वळती, हा क्रमही तो नोंदवतो. वेतन गाव तोडून न देता वरातीने द्यावयाचे. ही केवळ जंत्री नव्हे. पगार वेळेवर पोचला तरच शिपायास रयतेला उपद्रव न देण्याची ताकीद देता येते, हे सूत्र तीमागे आहे.

मूल्यमापन :
बखर नियम सांगते; तो मोडल्यास काय होईल, हे सांगत नाही. ही उणीव शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांस इ.स. १६७३-७४ च्या सुमारास पाठविलेल्या पत्राने भरून निघते. साठा आरंभीच उधळल्यास ऐन पावसाळ्यात घोडी मरतील आणि लोक कुणब्यांच्या घरातील दाणा ओढून आणतील, असा इशारा त्यात आहे. उंदराने दिव्याची पेटती वात नेऊन वैरणीस आग लागेल, इथवर त्यातील दक्षता पोचते.

दुसरे असे की, बखर लिहिली गेली तो काळ जिंजीच्या वेढ्याचा होता. तिजोरी रिती होती आणि सरंजामावर फौजा उभ्या राहत होत्या. त्यामुळे जुन्या व्यवस्थेची ही स्तुती नव्या राजास दिलेली मूक आठवणही ठरते. मात्र तीत अधिकाऱ्यांचे आकडे ठळक आहेत. सामान्य बारगिराच्या संसाराचा मागमूस नाही. ही तिची मर्यादा होय.

निष्कर्ष :
सभासदाने पराक्रमाइतकेच महत्त्व जमाखर्चास दिले. परंडा, नळदुर्ग यांसारख्या किल्ल्यांचा अभ्यास करतानाही तटबंदी व तोफांबरोबर कोठारे, पाणी आणि शिबंदीचा पगार यांचा विचार व्हावयास हवा. कारण सैन्याचा हिशेब चुकला की त्याची भरपाई अखेर रयतेलाच करावी लागते.