संकल्पनांचा उगम : जेरी फोडर यांच्या जन्मजातवादाची चिकित्सा

मानवी मनात संकल्पना येतात कोठून, हा ज्ञानमीमांसेतील जुना प्रश्न आहे. जॉन लॉक यांनी १६९० च्या आपल्या निबंधग्रंथात सर्व कल्पनांचे मूळ अनुभवात शोधले. अमेरिकन तत्त्वज्ञ जेरी फोडर (१९३५–२०१७) यांनी ‘द लँग्वेज ऑफ थॉट’ (१९७५) या ग्रंथापासून याच्या नेमकी उलट भूमिका घेतली. साध्या, अविभाज्य संकल्पना शिकल्या जात नाहीत. त्या जन्मजात असतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : शिकणे म्हणजे गृहीतक मांडून ते अनुभवाच्या कसोटीवर तपासणे. ‘हिरवा’ ही संकल्पना शिकणाऱ्याला ‘अमुक वस्तू हिरव्या आहेत’ असे गृहीतक मांडावे लागेल. ते मांडण्यासाठी मात्र हीच संकल्पना मनात आधीपासून असावी लागते. म्हणून अनुभव संकल्पना घडवीत नाही, केवळ जागी करतो.

असे मानल्यास ‘कार्ब्युरेटर’ची संकल्पनाही जन्मजात ठरेल, ही हिलरी पटनम यांची हरकत प्रसिद्ध आहे. तथापि तिने निष्कर्षाची विचित्रता दिसते, युक्तिवादातील दोष दिसत नाही. अधिक गंभीर अडचण फोडर यांनीच ‘कन्सेप्ट्स’ (१९९८) मध्ये उपस्थित केली. अनुभव केवळ जागे करणारा असेल, तर दरवाजाच्या मुठीची संकल्पना मुठी पाहूनच का जागी व्हावी? नमुनेदार मुठींच्या अनुभवानंतर आपल्या मनाला जे मुठीसारखे भासते तेच मूठ, हे त्यांचे उत्तर. त्यातून अनुभव व संकल्पना यांचा मेळ कळतो, घडणीची प्रक्रिया कळत नाही.

मानसशास्त्रज्ञ सुझन कॅरी यांनी ‘द ओरिजिन ऑफ कन्सेप्ट्स’ (२००९) मध्ये या प्रक्रियेचा शोध घेतला. मुले अंकमाला प्रथम अर्थाविना पाठ म्हणतात. ‘एक’, ‘दोन’, ‘तीन’ यांचे अर्थ त्यांना क्रमाने, काही महिन्यांच्या अंतराने उमगतात. मोजणीचे तत्त्व त्यानंतर आकळते. रिकाम्या चौकटीत अर्थ मागाहून भरला जातो. या शेवटच्या झेपेतही संख्येची संकल्पना गृहीत धरली आहे, असा आक्षेप फोडर यांच्या बाजूने घेतला जातो व तो दुर्लक्षणीय नाही. मात्र त्याचे बळ शिकणे म्हणजे गृहीतक तपासणेच, या व्याख्येवर अवलंबून आहे.

या वादात अध्यापनाचे स्वरूपही पणाला लागते. फोडर यांचे मत ग्राह्य मानल्यास अध्यापकाने नवी संकल्पना दिली असे म्हणता येत नाही. विद्यार्थ्याजवळ होतेच ते त्याने जागे केले, एवढेच म्हणता येते. परंतु फोडर यांच्या युक्तिवादाने सिद्ध होते ते इतकेच, की शिकण्याची एक विशिष्ट व्याख्या अपुरी आहे. संकल्पना शिकताच येत नाहीत, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.